पावसाळी गटाराचाही परवाना असतो: शहरं सल्लागारांना पैसे कशाचे देतात?

लॉस एंजेलिस काउंटीत आर्टिशिया नावाचं जेमतेम दीड चौरस मैलाचं शहर आहे. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या मराठी मंडळींना ते पायोनियर बुलेव्हार्डमुळे माहीत असतं. साड्या, सोनं, किराणा, मिठाई, सगळं त्या एका रस्त्यावर मिळतं. त्याच रस्त्याच्या कडेला, फुटपाथच्या पोटात, पावसाळी गटारांची लांबट तोंडं आहेत. अशा तोंडात शिरलेलं पाणी सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात जात नाही. आधी जमिनीखालच्या नळातून, मग काँक्रीटने बांधून काढलेल्या कालव्यातून ते सॅन गॅब्रिएल नदीच्या वाटेला लागतं आणि सील बीचपाशी पॅसिफिक महासागराला मिळतं.

या गटारांतून समुद्रात काय जातं, याचा जाब शहराला द्यावा लागतो. त्यासाठी शहराच्या नावाने परवाना असतो. त्यातल्या अटी पाळता याव्यात म्हणून या भागातली बरीच छोटी शहरं सल्लागार कंपनी नेमतात. सिटी कौन्सिलच्या बैठकीत हा विषय सहसा एकगठ्ठा मंजूर होणाऱ्या विषयांत येतो आणि चर्चेविना पुढे सरकतो. काही वर्षांचा करार, खर्चाची कमाल मर्यादा आणि सोबत कंटाळवाणी वाटणारी कामांची यादी, एवढंच कागदावर दिसतं. ज्याच्या नजरेस पडतं तो विचारतो, गटारं साफ ठेवायची तर सल्लागार कशाला? प्रश्न रास्त आहे. उत्तरासाठी मात्र गटारापासूनच सुरुवात करावी लागते.

दोन वेगळ्या वाहिन्या

लॉस एंजेलिस परिसरात जमिनीखाली दोन स्वतंत्र जाळी आहेत. संडास, बाथरूम, स्वयंपाकघरातलं पाणी मैलावाहिनीतून शुद्धीकरण केंद्रात जातं. रस्ते, छपरं, पार्किंगवर पडलेलं पावसाचं पाणी पावसाळी वाहिनीतून नदीत आणि समुद्रात जातं. न्यूयॉर्क, फिलाडेल्फियासारख्या जुन्या शहरांच्या मोठ्या भागात दोन्ही पाणी एकाच नळातून वाहतं, तिथली दुखणी निराळी. इथे मात्र पावसाळी जाळं वेगळंच आहे आणि प्रचंड आहे. एकट्या काउंटीच्या पूरनियंत्रण यंत्रणेकडे जमिनीखाली सुमारे ३,३०० मैल पावसाळी वाहिन्या आहेत. ते बांधताना एकच हेतू होता, पाणी लवकरात लवकर शहराबाहेर काढायचं. १९३८च्या पुरानंतर लॉस एंजेलिस नदीलाच काँक्रीटचं अस्तर घातलं गेलं, यावरून त्या काळचा धसका कळतो.

पाणी वेगाने बाहेर जातं आणि वाटेतलं सगळं सोबत घेऊन जातं. गाड्यांचं गळलेलं तेल, ब्रेक घासून पडलेली तांब्याची भुकटी, टायर झिजून पडलेलं जस्त, कुत्र्यांची विष्ठा, हिरवळीवर मारलेली खतं आणि कीटकनाशकं, सिगारेटची थोटकं, फोमचे कप. या भागात पाऊस वर्षाला सरासरी चौदा-पंधरा इंच, तोही मुख्यतः हिवाळ्यात. उन्हाळाभर रस्त्यावर साचलेला थर पहिल्या जोरदार सरीत एकदम निघतो, म्हणून त्या सरीचं पाणी सगळ्यात घाण असतं. पाऊस पडून गेल्यावर ७२ तास समुद्रात उतरू नका, असं काउंटीचं आरोग्य खातं सांगतं ते याचसाठी.

ही भीती हवेतली नाही. १९९५ साली सँटा मोनिका उपसागरात पोहणाऱ्या हजारो लोकांची पाहणी झाली. पावसाळी वाहिनी समुद्राला जिथे मिळते त्या तोंडासमोर पोहलेल्यांना, तिथून ४०० यार्डांपलीकडे पोहलेल्यांपेक्षा ताप, उलट्या, श्वसनाचे विकार असे त्रास जास्त झाल्याचं त्यात दिसलं. पाहणी उन्हाळ्यातली होती, पावसातली नव्हती. पाऊस नसतानाही त्या तोंडांतून पाणी वाहत होतं, हा त्यातला खरा धक्का. कोरड्या दिवसांत गटारातून येणारं हे पाणी कुठलं, या प्रश्नाकडे पुढे येऊच.

परवाना कुणाचा, घाण कुणाची

अमेरिकेत स्वच्छ पाण्याचा कायदा १९७२ साली आला. त्याचा गाभा सोपा आहे. नळ, चर, कालवा अशा ठरावीक जागेतून नदी-समुद्रात घाण सोडायची असेल तर परवाना हवा, नाहीतर ते बेकायदा. आधी लक्ष गेलं ते कारखान्यांच्या आणि शुद्धीकरण केंद्रांच्या नळांकडे. पावसाळी वाहिनी हाही नळच, पण शहरात अशी तोंडं शेकड्यांनी आणि पाणी आभाळातून येणारं, त्यामुळे तो विषय वर्षानुवर्षं लोंबकळत राहिला. १९८७ साली काँग्रेसने कायद्यात दुरुस्ती करून शहरांच्या पावसाळी वाहिन्या परवान्याच्या कक्षेत आणल्या. १९९० साली एक लाख आणि त्याहून अधिक वस्तीच्या यंत्रणांसाठी नियम झाले, १९९९ साली लहान शहरांसाठी. लॉस एंजेलिस काउंटीतली छोटी शहरं मात्र आधीपासूनच काउंटीच्या सामाईक परवान्यात होती. २०१२च्या परवान्यात ८४ शहरं, काउंटी आणि पूरनियंत्रण जिल्हा (म्हणजे काउंटीची पूरनियंत्रण यंत्रणा) असे एकूण ८६ परवानाधारक होते. २०२१ साली त्याच्या जागी लॉस एंजेलिस आणि व्हेंचुरा या दोन काउंट्यांचा मिळून एक परवाना आला.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. घाण करतो गाडीवाला, रेस्टॉरंटवाला, बांधकामवाला. परवाना मात्र नळाच्या मालकाचा, म्हणजे शहराचा. हाउसिंग सोसायटीत कुणा एका फ्लॅटने ड्रेनेजमध्ये काहीबाही ओतलं तरी नोटीस सोसायटीच्या नावाने येते, तसंच हे. त्यामुळे शहराला दोन आघाड्यांवर काम करावं लागतं. लोकांना घाण करण्यापासून रोखायचं आणि शेवटी नळातून काय बाहेर पडतं तेही मोजायचं.

रोखण्याची कामं देशभर साधारण सारखीच आहेत. लोकांना माहिती देणं, त्यांना सहभागी करून घेणं, चोरून जोडलेल्या किंवा चुकीच्या जोडण्या शोधून तोडणं, बांधकामाच्या जागेवरची माती वाहू न देणं, नव्या इमारतींना आपल्या आवारातलं पाणी आवारातच जिरवायला लावणं आणि शहराची स्वतःची गॅरेज, डेपो, उद्यानं नीट ठेवणं. यातलं बरंचसं काम शहराचे निरीक्षक करू शकतात.

मोजण्याची बाजू अवघड आहे. प्रत्येक नदी, तलाव, किनारा कशासाठी वापरायचा हे राज्य ठरवतं आणि त्यानुसार पाण्यात कुठली घाण किती चालेल याची मर्यादा घालतं. मर्यादा ओलांडलेल्या पाण्यासाठी मग हिशेब मांडला जातो, की या नदीला जस्त झेपेल एवढं, त्यातला पावसाळी वाहिन्यांचा वाटा एवढा. सँटा मोनिका उपसागर आणि आसपासच्या पाण्यासाठी हे हिशेब आपोआप झाले नाहीत. हील द बे आणि इतर पर्यावरण संस्थांनी केंद्राच्या पर्यावरण संरक्षण संस्थेला, म्हणजे ईपीएला, कोर्टात खेचलं. १९९९ साली समझोता झाला आणि ते सगळे हिशेब तेरा वर्षांत पूर्ण करायचं ठरलं. आज आर्टिशियासारख्या शहराच्या परवान्यात जस्त आणि तांब्याचे आकडे दिसतात, ते त्या खटल्यामुळे. सॅन गॅब्रिएल नदीतल्या धातूंचा हिशेब २००७ साली झाला.

छोट्या शहराकडे माणसं कुठून असणार?

लॉस एंजेलिस काउंटीत ८८ शहरं आहेत आणि त्यांतली बरीचशी चिमुकली. शिवाय त्यांची घडणच वेगळी आहे. १९५४ साली लेकवुड शहर झालं तेव्हा त्याने पोलीस, रस्ते अशा बहुतेक सेवा काउंटीकडून कराराने घ्यायचं ठरवलं. पुढे कितीतरी शहरांनी हाच कित्ता गिरवला. आर्टिशिया, सेरिटोस ही त्याच पठडीतली. ज्या शहराचा पोलीसही कराराचा, त्याच्याकडे जलरसायन जाणणारा आणि पाण्याचं गणिती मॉडेल चालवणारा अभियंता पगारावर असेल ही अपेक्षाच चुकीची. तेव्हा सल्लागार नेमणं म्हणजे शहराने अंग चोरलं, असं सरसकट म्हणता येत नाही. काम खरोखर विशेष कौशल्याचं आहे, ते किती, हे दोन कामं जवळून पाहिली की लक्षात येतं.

पहिलं काम कोरड्या दिवसातल्या पाण्याचा माग काढण्याचं. काही दिवस पाऊस झालेला नसताना दोघे जण कालव्यात उतरून वाहिनीच्या तोंडाशी जातात. तोंड कोरडं असेल तर फोटो, वेळ, जागेची नोंद करून पुढे. पाणी वाहत असेल तर रंग, वास, फेस, तेलाचा तवंग बघतात आणि भांडं आणि घड्याळ घेऊन प्रवाह किती ते मोजतात. मग बाटल्या भरतात. जिवाणूंच्या तपासणीची बाटली निर्जंतुक हवी, ती बर्फात ठेवायची आणि साधारण सहा तासांच्या आत प्रयोगशाळेत पोचवायची. उशीर झाला तर तो आकडा ग्राह्य धरत नाहीत. पाण्यात फ्लोराइड निघालं तर ते बहुधा नळाचं पाणी, कारण इथल्या पिण्याच्या पाण्यात ते मिसळतात. म्हणजे कुणाच्या तरी स्प्रिंकलरचं किंवा फुटलेल्या पाइपचं. अमोनिया निघाला तर मैलापाण्याचा संशय. साबणाचे अंश निघाले तर कुठेतरी गाड्या धुतल्या जाताहेत किंवा लाँड्रीचा पाइप चुकीच्या जागी जोडलाय. मग एकेक मॅनहोल उघडत उलट दिशेने वर जायचं, पाणी कुठे थांबतं ते बघायचं, संशयित इमारतीच्या ड्रेनेजमध्ये रंग सोडून तो पावसाळी वाहिनीत उतरतो का ते तपासायचं. माणसाच्याच विष्ठेतला जिवाणू ओळखणारी डीएनए चाचणीही आता होते, त्यामुळे दोष कुत्र्यांचा की फुटक्या मैलावाहिनीचा हे कळतं. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण एकाचा उपाय पाटी आणि पिशव्या, तर दुसऱ्याचा रस्ता खोदणं.

दुसरं काम पावसातलं. वाहिनीच्या तोंडाशी किंवा नदीकाठी एक कुलूपबंद पेटी असते. तिच्यातून निघालेली नळी प्रवाहात सोडलेली असते, आत पंप, बाटल्या आणि बर्फ. पाण्याची पातळी ठरावीक उंचीवर आली की पंप चालू होतो आणि प्रवाहाच्या प्रमाणात घोट घोट पाणी बाटल्यांत भरत जातो, म्हणजे पूर्ण पावसाची सरासरी हाती येते. पण पाऊस येणार की नाही हे आधी ठरवावं लागतं. अंदाज पुरेशा पावसाचा आणि पुरेशा खात्रीचा असेल तरच पथक निघतं, बर्फ भरतं, बॅटरी तपासतं, प्रयोगशाळेला कळवतं. मग ढग समुद्रावरच विरले तर सगळी तयारी वाया. आला तर मध्यरात्री यायचा किंवा रविवारी, आणि जिवाणूंचा नमुना तरीही माणसानेच हाताने घ्यायचा. वर्षातून मोजक्या वेळा लागणारी आणि लागली तर तासाभरात लागणारी ही माणसं एका छोट्या शहराने वर्षभर पोसण्यात अर्थ नसतो. सल्लागार कंपनी तेच पथक अनेक शहरांसाठी वापरते.

म्हणूनच शहरं गट करून कामं वाटून घेतात. लोअर सॅन गॅब्रिएल नदीच्या गटात आर्टिशिया, सेरिटोस, नॉरवॉक, व्हिटिअर, लेकवुड, डायमंड बार अशी शहरं आहेत. नदीला शहरांच्या हद्दी ठाऊक नसतात, तेव्हा हे शहाणपणाचंच.

मॉडेल, जस्त आणि मोठा खर्च

२०१२च्या परवान्याने शहरांपुढे एक पर्याय ठेवला. गटाने पाणलोट क्षेत्राचा आराखडा करायचा, कुठे किती पाणी अडवायचं, कुठल्या वर्षापर्यंत, हे त्यात लिहायचं आणि हे केल्यावर मर्यादा पाळल्या जातील हे मॉडेलने दाखवायचं. आराखडा मंजूर झाला आणि शहर त्यातल्या मुदती पाळत राहिलं तर नियमपालन होतंय असं धरायचं. पर्यावरण संस्थांना यात पळवाट दिसली. राज्याच्या जल मंडळाने २०१५ साली ही चौकट काही बदलांसह कायम ठेवली.

ही मॉडेलं बहुतेक गटांनी सल्लागारांकडूनच करून घेतली. जमिनीचा उतार, मातीचा प्रकार, रस्ते-छपरांचं क्षेत्र, आधीच्या वर्षांचा पाऊस हे घालून कुठल्या भागातून किती घाण येते हे काढायचं. सगळ्या घाणींचा वेगळा विचार करण्याऐवजी सगळ्यात हट्टी कोणती ते शोधतात. पावसाळी पाण्यात ती वारंवार जस्त निघते. जस्ताचा बंदोबस्त होईल एवढं पाणी अडवलं की बाकीचे धातूही आटोक्यात येतात, असा तो युक्तिवाद. मग उत्तर क्यूबिक फुटांत येतं: एवढं पाणी उद्यानाखालच्या टाक्यांत, रस्त्याकडेच्या जिरवण चरांत, मैदानांखाली थांबवा. सगळ्या गटांच्या आराखड्यांची बेरीज झाली तेव्हा काउंटीभरचा खर्च वीस अब्ज डॉलरच्या आसपास गेला.

अशा आराखड्यात एका गृहीतकाने लाखो डॉलर इकडचे तिकडे होतात. मातीत पाणी तासाला अर्धा इंच मुरतं धरलं की एक इंच, यावर टाकीचा आकार ठरतो. म्हणून मला वाटतं, की सल्लागाराच्या करारातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य हे असायला हवं: मॉडेल, त्यातला डेटा आणि नकाशे शहराच्या मालकीचे आणि उघडता येतील अशा स्वरूपात शहराकडे सुपूर्द करायचे. नुसता छापील अहवाल शहराकडे आणि गणित कंपनीकडे राहिलं, तर पुढच्या वेळी निविदा काढूनही फारसा उपयोग नसतो. त्याच कंपनीकडे जावं लागतं.

निवड कशी होते

आपल्याकडे सरकारी काम म्हटलं की सर्वात कमी दराची निविदा, हे समीकरण डोक्यात पक्कं असतं. कॅलिफोर्नियात बांधकामाच्या कंत्राटाला ते लागू आहे. पण अभियांत्रिकी, पर्यावरण अशा व्यावसायिक सेवांसाठी राज्याचा कायदा उलट सांगतो. निवड पात्रता आणि सिद्ध केलेल्या क्षमतेवर करायची, दर वाजवी असावा, पण तो एकमेव निकष नको. शहर प्रस्ताव मागवतं. कंपन्या अनुभव, प्रत्यक्ष काम करणाऱ्या माणसांची नावं आणि कामाची पद्धत लिहून देतात. शहराची समिती गुण देते, मुलाखती घेते, मग पहिल्या क्रमांकाशी दराची बोलणी होतात. हा नियम मला योग्य वाटतो. स्वस्तातल्या मॉडेलवर चुकीच्या जागी टाकी बांधली तर वाचवलेल्या पैशाच्या कितीतरी पट बुडतात.

करार बऱ्याचदा गरजेनुसार काम देण्याच्या स्वरूपाचा असतो. कमाल रक्कम ठरते, तासाचे दर ठरतात आणि शहर लागेल तसा एकेका कामाचा आदेश काढतं. यात सोय आहे आणि धोकाही. कमाल रक्कम गाठली की दुरुस्ती करून ती वाढवता येते, आणि त्या दुरुस्तीचा ठरावही पुन्हा त्याच चर्चा न होणाऱ्या यादीत येतो.

कामांची यादी वाचताना एक ढोबळ विभागणी करून पाहावी. बैठकांना हजर राहणं, अहवाल लिहिणं, नियामकांशी पत्रव्यवहार, हे एका बाजूला. नमुने घेणं, तोंडांची पाहणी, बांधकामांची आणि व्यवसायांची तपासणी, चुकीच्या जोडण्यांचा माग, प्रकल्पांची रचना, हे दुसऱ्या बाजूला. पहिल्या बाजूला तुच्छ लेखू नये. वेळेवर न गेलेला अहवाल हाही परवान्याचा भंगच असतो. पण पैशाचा मोठा वाटा वर्षानुवर्षं पहिल्याच बाजूला जात असेल, तर नदीला त्याचा काही लाभ नाही आणि कौन्सिलने ते विचारायलाच हवं.

सही कुणाची

सल्लागार नेमला म्हणून जबाबदारी हस्तांतरित होत नाही. परवाना शहराचा, दंडही शहराला. अहवालावर, माहिती खोटी असल्यास दंड आणि कैद होऊ शकते याची जाणीव असल्याचं लिहून देत, शहराच्या वरिष्ठ अधिकाऱ्याला किंवा त्याने रीतसर नेमलेल्या प्रतिनिधीला सही करावी लागते. केंद्राच्या कायद्यानुसार दंडाची कमाल रक्कम महागाईनुसार वाढत दर भंगामागे, दर दिवसाला ६० हजार डॉलरच्या वर गेली आहे. सरकारने काही केलं नाही तर नागरिक किंवा संस्था ६० दिवसांची नोटीस देऊन स्वतः खटला भरू शकतात.

असा खटला लॉस एंजेलिसमध्ये झालाच. नदीतल्या मोजणी केंद्रांवर मर्यादा वारंवार ओलांडल्या जात होत्या, म्हणून २००८ साली दोन पर्यावरण संस्थांनी काउंटी आणि पूरनियंत्रण जिल्ह्याविरुद्ध दावा लावला. बचाव असा, की नदीत डझनावारी शहरांचं पाणी मिसळतं, यातली घाण आमचीच कशावरून? प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. जानेवारी २०१३ मध्ये न्यायालयाने एक मुद्दा काउंटीच्या बाजूने दिला, की नदीच्या बांधून काढलेल्या भागातून त्याच नदीच्या पुढच्या भागात पाणी गेलं तर तो घाण सोडण्याचा प्रकार होत नाही. पण त्याच वर्षी खालच्या अपील न्यायालयाने, परवान्यात सांगितलेलं मोजमापच भंग दाखवतंय म्हणून काउंटीला जबाबदार धरलं. आपल्या स्वतःच्या तोंडातून काय बाहेर पडतं याचे आकडे प्रत्येक शहराला का हवे असतात, हे या निकालांतून कळतं. आकडे नसतील तर इतरांच्या घाणीचा बोजाही मानेवर येऊ शकतो.

मार्च २०२५ मध्ये अजून एक निकाल आला. सॅन फ्रान्सिस्को शहराने ईपीएविरुद्ध लढवलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी सांगितलं, की 'समुद्राच्या पाण्याचा दर्जा बिघडता कामा नये' अशी नुसती अंतिम फळाची अट केंद्राच्या कायद्याखाली परवान्यात घालता येणार नाही. शहराने नेमकं काय करायचं ते परवाना देणाऱ्याने सांगावं. मूळ प्रकरण मैलापाणी आणि पावसाचं पाणी एकत्र वाहणाऱ्या यंत्रणेचं होतं, पण तसलीच अट पावसाळी परवान्यांतही सर्रास असते. यापुढे आराखड्यातल्या एकेका कलमाचं वजन वाढणार, म्हणजे ते लिहिणाऱ्या सल्लागाराचंही. मला याची काळजी वाटते. पाण्याचा दर्जा ही शेवटची कसोटी ढिली झाली, तर कागदावरची कामं पूर्ण आणि किनारा घाणच, असं चित्र निर्माण होऊ शकतं. कॅलिफोर्नियाचा स्वतःचा १९६९चा पाणी कायदा शाबूत आहे, एवढा आधार आहे.

पैसा

नळाच्या पाण्याचं बिल येतं, मैलावाहिनीचं येतं, पावसाळी गटाराचं सहसा येत नाही. कारण कॅलिफोर्नियात १९९६ साली मंजूर झालेल्या प्रस्ताव २१८ नुसार मालमत्तेशी जोडलेल्या नव्या शुल्कासाठी मतदान लागतं. पाणी आणि मैल्याला त्यातून सूट आहे, पण ती पावसाळी पाण्याला लागू नाही असा निकाल सॅलिनास शहराच्या प्रकरणात २००२ साली लागला. २०१७ साली राज्याने कायदा करून ही व्याख्या रुंदावली, तरी न्यायालयाची भीती शहरांच्या मनातून गेलेली नाही. त्यामुळे हा खर्च वर्षानुवर्षं सर्वसाधारण निधीतून, पोलीस आणि ग्रंथालयांशी स्पर्धा करत भागवला जायचा.

लॉस एंजेलिस काउंटीच्या मतदारांनी नोव्हेंबर २०१८ मध्ये याचं उत्तर दिलं. दोन तृतीयांश मतं लागणारा मेझर डब्ल्यू हा कर त्यांनी मंजूर केला. पाणी न मुरणाऱ्या जागेवर, म्हणजे छप्पर, काँक्रीट, डांबर यांवर, चौरस फुटाला अडीच सेंट. यातून वर्षाला सुमारे २८ कोटी डॉलर जमतात. निम्मे प्रादेशिक प्रकल्पांना, ४० टक्के ज्या त्या शहराला, १० टक्के पूरनियंत्रण जिल्ह्याला. सल्लागारांच्या करारांसाठीही आता शहरं या पैशाकडे बघतात. लोकांनी स्वतःवर कर लावून घेतलेला हा पैसा आहे, त्यामुळे तो कुठल्या कामावर जातो हे विचारण्याचा त्यांचा हक्क दुप्पट आहे.

नळाच्या तोंडाशी जस्त आणि तांबं अडवणं महागात पडतं, हे शहरांना एव्हाना कळून चुकलंय. म्हणून मला या सगळ्या मोजमापाचं सर्वात मोठं फळ वेगळंच वाटतं. पाण्यातल्या तांब्याचा माग ब्रेक पॅडपर्यंत गेला, कारखानदार, शहरं आणि पर्यावरण संस्था अनेक वर्षं एका टेबलावर बसल्या आणि २०१० साली कॅलिफोर्नियाने कायदा केला. नव्या ब्रेक पॅडमधलं तांबं २०२१ पासून ५ टक्क्यांवर आणि २०२५ पासून अर्ध्या टक्क्यावर. जी घाण गटारात पडणारच नाही, तिच्यासाठी कुठल्याच शहराला टाकी बांधावी लागणार नाही. टायरमधल्या जस्तावर असा तोडगा अजून निघालेला नाही. टायरमधल्याच ६पीपीडी या रसायनापासून बनणारा पदार्थ कोहो सामन मासे मारतो, हे २०२० साली वॉशिंग्टन राज्यातल्या संशोधकांनी दाखवलं आणि कॅलिफोर्नियाने २०२३ साली टायर उत्पादकांना पर्याय शोधायला लावणारी प्रक्रिया सुरू केली.

मुंबईत प्रश्नच वेगळा विचारला गेला

पावसाळी वाहिन्यांसाठी सल्लागार नेमणं मुंबईला नवं नाही. १९८५च्या पुरानंतर महापालिकेने वॉटसन हॉक्सले कंपनीकडून अभ्यास करून घेतला. १९९३चा तो ब्रिमस्टोवॅड अहवाल. ताशी २५ मिलिमीटर पाऊस वाहून नेणारी यंत्रणा ५० मिलिमीटरची करा, ही त्यातली मुख्य शिफारस. त्यातल्या बऱ्याच कामांनी वेग घेतला तो २६ जुलै २००५ नंतर, सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडल्यावर. तिथे सल्लागाराला विचारलेला प्रश्न पाणी किती आणि किती वेगाने, हा होता. शहर बुडत असताना तोच आधी विचारला जाणार. पण पाण्यात काय आहे, हा प्रश्न मागेच राहिला. आपला १९७४चा जल प्रदूषण कायदा कारखाने आणि सांडपाणी केंद्रांना संमतीपत्र घ्यायला लावतो. पर्जन्य जलवाहिनीच्या प्रत्येक तोंडाचा हिशेब महापालिकेने द्यावा अशी परवाना पद्धत आपल्याकडे नाही. आणि आपल्या नाल्यांतून तर बारा महिने मैलापाणी वाहतं.

आर्टिशिया, सेरिटोस किंवा डायमंड बारमध्ये राहणाऱ्यांसाठी एक व्यवहाराची गोष्ट. एकगठ्ठा मंजुरीच्या यादीतला विषय बाजूला काढून चर्चेला घ्या, असं कौन्सिल सदस्याला सांगता येतं आणि त्या विषयावर कुठल्याही नागरिकाला बोलता येतं. गेल्या वर्षी किती तोंडं तपासली, किती ठिकाणी कोरड्या दिवसात पाणी सापडलं, त्यातल्या किती जोडण्या प्रत्यक्षात तोडल्या आणि मॉडेलच्या फाइल्स शहराकडे आहेत का, एवढे चार प्रश्न पुरेत. वार्षिक अहवाल सार्वजनिक असतो. उत्तर तिथल्या तिथे मिळालं नाही तर माहिती मागण्याचा अर्ज शहराच्या क्लार्ककडे द्यावा, त्यासाठी वकील लागत नाही.